सदा उसना गेलेला साचा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आणि बसला, तर तुमचंच काहीतरी चुकतंय असं समजा. मी विटा दाबणारा एक जुना लोखंडी साचा आहे. आमच्या बेटावरच्या सिंगातोका नदीच्या दोन्ही काठांवर माझी ओळख नाही अशी एक भिंत मला दाखवा. नदीच्या तळाचे शिंपलेसुद्धा माझं नाव निघालं की तोंड मिटून घेतात. का, ते पुढे कळेल. तोरिका, दांड्यावर झोके घेऊ नकोस. नदीपलीकडून आलेली पाहुणी आहेस, म्हणून ऐकून घेतोय.

माझा जन्म बा गावातल्या रामसमुझच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. बाप कोण विचाराल, तर एक नाही. कुठल्याशा दूरदेशीच्या शेतकऱ्याने माझा आराखडा काढला, दुसऱ्या कुणी बिजागरी सुधारली, तिसऱ्याने दोघांच्या चुका दाखवल्या आणि सगळ्यांनी मिळून तो जगासाठी मोकळा सोडला. घ्या, बनवा, बदला, विचारायलाही येऊ नका! तो आराखडा आमच्या गावच्या साकिउसाने फोनवर रामसमुझला दाखवला.

"हे आहे कुणाचं?" रामसमुझने विचारलं.

"सगळ्यांचं."

"मग बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या?"

"तुम्हाला."

रामसमुझ हसला आणि भंगारात शिरला. ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीचा मोडका आस, ट्रकच्या सांगाड्याचे तुकडे आणि दांड्याला पाण्याचा जाड पाइप, एवढ्यात मी उभा राहिलो. त्या आसाने जन्मभर ऊसच वाहिलेला. त्यामुळे माझी पहिली वीट गोड निघाली. तिला मुंग्या लागल्या. हसा, पण मुंग्यांना विचारून या.

मला आणवलं होतं साकिउसाच्या बायकोने, केलेराने. मागच्या वादळात तिच्या घराचे पत्रे उडाले आणि फळ्या पत्र्यांच्या मागोमाग गेल्या. तेव्हापासून ती, नवरा आणि दोन मुली चर्चच्या सभागृहामागच्या खोलीत राहत होत्या. रविवारी तिथे मुलांचा धर्मवर्ग भरायचा. म्हणजे दर शनिवारी संध्याकाळी चटया गुंडाळा, भांडी खोक्यात भरा, चूल विझवा. आणि रविवारी दुपारी संसार पुन्हा मांडा. कुणी तिला कधी उठ म्हटलं नाही. पण न सांगता उठावं लागतं, तेच जास्त लागतं. केलेराला एवढंच हवं होतं, की वादळाचे महिने लागायच्या आत आपल्या चार भिंती उभ्या राहाव्यात आणि रविवारी सकाळी आपली चटई जिथल्या तिथे असावी.

शहरातलं सिमेंट परवडणारं नव्हतं. लाल माती मात्र परसात होती, वाळू नदीत होती आणि चुना तिच्या डोक्यात होता. आमच्या बायका नदीत बुड्या मारून शिंपले काढतात. खाऊन झाले की टरफलं स्वयंपाकघरामागे टाकतात. पिढ्यान् पिढ्यांचे ते ढीग! केलेरा म्हणाली, ही टरफलं भाजली की चुना झाला.

"भाजायचं माझ्याकडे," साकिउसा म्हणाला. "खड्ड्याच्या बाबतीत माझा हात धरणारा अजून जन्मायचाय."

खरंच होतं ते. सणाला डुक्कर भाजायचं तर साकिउसानेच. खड्ड्यात दगड तापवायचे, वर मांस, वर केळीची पानं, वर माती. सारं गाव बोटं चाटत बसायचं. त्याने टरफलांचंही तसंच केलं. तापले दगड, टरफलं, पानं, माती. वर हात जोडून प्रार्थनाही म्हटली.

उघडलं तेव्हा आपेनिसा हजर होता. हा साकिउसाचा आतेभाऊ. आमच्याकडे आतेभाऊ म्हणजे मेव्हणाच, आणि मेव्हण्याने टिंगल केली नाही तर तो आजारी आहे असं समजतात.

"वा, मेव्हण्या! काय मऊ शिजलीत टरफलं! मीठ आणू का?"

"गप्प बस. चुना असाच दिसतो."

"आणि वास? रताळ्याचा येतोय."

त्या चुन्याच्या विटा मी मोठ्या दिमाखात दाबल्या. पहिल्याच सरीत त्यांचा चिखल झाला. केलेरा त्या चिखलाकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिली. मग उठून खड्ड्याशी गेली, एक टरफल मोडून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही झाकलं ना, तिथेच चुकलं. डुकराला वाफ लागते. टरफलाला जाळ लागतो आणि वारा लागतो."

पुढच्या खेपेला उघड्यावर वाळक्या बांबूंचा आणि लाकडांचा थर, त्यावर टरफलं, पुन्हा लाकडं, असं रचून पेटवलं. जाळ असा उठला की, मित्रांनो, चंद्राची एक बाजू अजून काळी आहे. गार झाल्यावर पाणी शिंपडलं, तशी टरफलं फसफसून फुटली. आपेनिसा जो पळाला तो थेट नदीत. चुना झाला! माती चाळली, वाळू, चुना नि बेताचं पाणी मिसळलं, माझ्या पोटात भरलं, झाकण लावलं, दोघांनी दांड्याला लोंबकळून मला दाबलं. वीट बाहेर आली ती कोपरे धरून. केळीच्या पानांखाली ओल्या राखून विटा मुरवल्या. नंतर पावसाने त्यांच्यावर कितीही डोकं आपटलं तरी काही होईना.

आता माझ्या दुःखाकडे वळतो. दुःख कसलं, माझी प्रसिद्धीच झाली.

आमच्याकडे एक रीत आहे, केरेकेरे. यंगोनाची मुळी घेऊन कुणी दारात आलं, चटईवर बसून रीतसर काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. ती मुळी कुटून पाण्यात कालवून करवंटीने प्यायची, टाळ्या वाजवायच्या आणि वस्तू द्यायची. तसा मीही त्याच रीतीचा. ज्याचा आराखडाच जगाने जगाला देऊन टाकलाय, त्याने कुठल्या तोंडाने म्हणावं, मी नाही जाणार?

झालं! वरच्या वाडीत शाळेच्या भिंतीला गेलो. आलो, तर डोंगरातल्या एका विधवेच्या घराला गेलो. आलो, तर कुणाच्या डुकरांच्या गोठ्याला. जिथे गेलो तिथे लोकांनी मला हार घातले, माझ्या झाकणाला तेल चोळलं. आणि इकडे केलेराची भिंत गुडघ्याइतकी! तिच्यावर कोंबड्या बसत.

"द्या, द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या मलाही देऊन टाका कुणाला तरी."

"तुला अजून कुणी मागितलं नाही."

"मागणारे येतील हो. चुना करता येतो म्हटलं की रांग लागेल."

साकिउसा हसला नाही. त्यालाही झोप लागत नव्हती. पण नाही हा शब्द त्याच्या जिभेवर कधी उगवलाच नव्हता.

वादळाचे महिने अगदी तोंडावर आले आणि नदीपलीकडून माणसं आली. सगळ्यांच्या पुढे इलिएसा आजोबा. हो, तोरिका, तुझेच. बगलेत यंगोनाची मुळी. साकिउसाने मान खाली घालून चटई अंथरली. आजोबा बसले, घसा साफ केला.

तेवढ्यात केलेरा आली. रविवारचा झगा अंगावर, हातात यंगोनाच्या मुळ्यांची जुडी. चटईच्या खालच्या अंगाला ती रीतसर बसली, दोन्ही पंजे खोलगट करून टाळी वाजवली आणि जुडी सगळ्यांसमोर नवऱ्यापुढे सरकवली.

"साकिउसा, मी केलेरा, तुमच्याकडे हा साचा मागते."

असं कधी घडलं नव्हतं. बायको, आणि नवऱ्याकडे केरेकेरे! कोंबड्यासुद्धा भिंतीवरून उतरल्या.

"मेव्हण्या, घाम पूस आधी," आपेनिसा म्हणाला. "आणि म्हण नाही. बघू दे आम्हाला, तुझी चटई कुठे फेकली जाते ती."

साकिउसाने जुडीला हात लावला. म्हणजे दिलं. आणि त्याचा चेहरा असा उजळला, जणू पाठीवरची गोणी कुणीतरी उतरवून घेतली.

इलिएसा आजोबा चटईवर पुढे सरकले. मग त्यांनी आपली मुळी उचलली आणि केलेरापुढे ठेवली. "मग पोरी, आता आम्ही तुझ्याकडे मागतो."

"दिला, आजोबा. पण माझंही एक मागणं आहे. मुळी तुम्ही आणलीच आहे, त्याच मुळीवर मागते. तुमचे हात मला द्या. माझ्या भिंती छपराला टेकेपर्यंत."

आजोबा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "आम्ही साचा मागायला आलो नि स्वतःच उसने गेलो की!"

नदीपलीकडची माणसं टोपल्या भरून कसावा घेऊन आली. माती चाळली, चुना विरवला, आळीपाळीने मला दाबलं, शिकली. आधी मला नेणाऱ्यांनाही लाज वाटली असावी, ती न बोलावता आली. छप्पर चढलं. केलेराने पहिल्या रविवारी चर्चला जाताना चटई मुद्दाम पसरलेलीच ठेवली. दाराशी वळून एकदा पाहिलं आणि मगच गेली. मग ठरल्याप्रमाणे मला बांबूच्या तराफ्यावर घालून नदीपार नेलं.

मित्रांनो, मी फार सुखी आहे. न पाहिलेल्या त्या शंभर बापांचे आभार, ज्यांनी मला कुलपात ठेवलं नाही. रामसमुझचे आभार. त्याने माझ्यावरून आणखी साचे बनवले आणि मला भाऊ मिळाले. त्या उसाच्या आसाचे, त्या टरफलांचे आणि केलेराचे आभार, कारण मागण्यातही देणं असतं हे मला तिने शिकवलं. माझं मागणं तुमच्याकडे एवढंच. मला न्या, कितीही लांब न्या. पण परत आणताना पोटातली माती खरवडून काढा, बिजागरीला वंगण द्या, पावसात उघडं टाकू नका. उसनी वस्तू नेली त्याहून चांगली परत करावी, मग पुढच्यालाही ती कामाला येते.

आणि माझी एवढी सेवा का करायची, तर ऐका. त्याच वर्षी मोठं वादळ आलं. नारळ आडवे झाले, पत्रे घारीसारखे उडत होते. तेव्हा केलेराच्या घराच्या उंबऱ्यात कोण उभा होता? मी! दांडा छताला अडकवला, पाय जमिनीत रोवले आणि वाऱ्याला म्हणालो, चल, लाव जोर...

"खोटं!" तोरिका दांड्यावरून खाली उडी मारून ओरडली. "वादळात तू आमच्याकडे होतास! आजोबांनी तुला स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून ठेवलं होतं, आणि तरी दार उडालंच! केलेराकाकूचं घर आपलं आपणच उभं राहिलं!"