आपल्या रंगातली एक ओळ

डब्याचं झाकण ओट्यावरून पडलं, गरगरत राहिलं. लेकीनं कूस बदलली. तिला थोपटत मी लॅपटॉप मांडीवर ओढला. ती उठेपर्यंतचा तासभर तेवढा माझा.

चित्रपट मंडळासाठी मी घरून एक तक्ता करते. आपले सिनेमे परदेशात किती चालले, किती देशांत लागले, किती तिकिटं खपली. पहिल्या पाच दिग्दर्शकांना मंडळ पुढच्या सिनेमासाठी मदत देतं.

यंदा सगळ्यात वर माझ्या धाकट्या बहिणीचा सिनेमा. एकतीस देश.

सिनेमाचं संकलन आम्ही दोघी एकाच खोलीत शिकलो. हात माझा बरा, असं सगळे म्हणायचे. मग मला सातवा महिना लागला आणि त्या खुर्चीवरून उठले ती उठलेच.

तिचा फोन आला. "ताई, झाला का गं तक्ता? माझं पुढचं सगळं त्यावर अडलंय."

"करतेय."

"तू आहेस म्हणून निवांत आहे बघ. तुमच्या साहेबांचं काय, चहा आला की डोळे मिटून सही."

"तुला बरं सगळं ठाऊक."

"मग, बहीण कोणाची?"

मी हसले. फोन ठेवला आणि तिची ओळ उघडली.

दोन देशांच्या भागीदारीतला सिनेमा, ज्या देशाचा पैशातला वाटा मोठा त्याचा, असा नियम आहे. तिच्या सिनेमात परदेशी वाटा एक्कावन्न टक्के. गेल्या वर्षी असाच एक सिनेमा मी 'भाषा आपली, माणसं आपली' असा शेरा मारून आत घेतला होता. कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

या वेळी शेरा लिहायला बोट उचललंच नाही. तक्त्यात आपले सिनेमे हिरवे, बाहेरचे करडे. तिची ओळ मी करडी केली. ती तळाशी गेली, सहाव्या नंबरचा सिनेमा पाचवर आला, आणि देशाचं निम्मं यश एका टिचकीत पुसलं गेलं. नियमानं सगळं चोख होतं. मी तक्ता पाठवून दिला.

लेक डोळे चोळत मांडीत शिरली. अजून वाचता येत नाही, पण तक्त्यातल्या ओळीशेजारचं मावशीच्या सिनेमाचं चित्र तिनं लगेच ओळखलं. रंगांचा अर्थ मीच तिला कधीतरी खेळता खेळता शिकवलेला.

"मावशीचा करडा का?" तिनं विचारलं. मी तिचे केस सारखे करत राहिले.

"आई, मावशीनं काय केलं?"