काढलेला फिल्टर

नंदकुमारने तेलाचा नवा कोरा फिल्टर व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हॅकसॉचं पातं त्याच्या कडेला टेकवलं. चांगला माल कापायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. पण समोर स्टुलावर रज्जाकशेठ तुंगेकर बसले होते, आणि कापायला त्यांनीच सांगितलं होतं.

"कापा मिस्त्री. कुवेतहून दोन आनलेत, एक गेला तर गेला. आत काय हाय ते मला बघू दे. आता गाडीत काय टाकायचं ते मी ठरवनार."

बाकावर शेजारीच तुर्भ्याच्या दुकानातला देशी फिल्टर ठेवला होता. वरून बघितलं तर दोघं सख्खे भाऊ. उंची तेवढीच, आटे तेच, रबरी वायसरही तसाच. बाहेर शेठची प्यूजो बॉनेट उघडून उभी होती. तिचं इंजिन नंदकुमारने दोन महिने खपून पुन्हा बांधलं होतं. आता फिल्टर बसवायचा, तेल भरायचं आणि चावी फिरवायची, एवढंच उरलं होतं.

डबा उघडला. नंदकुमारने आतली छोटी स्प्रिंग बोटाने दाबून दाखवली.

"ही झडप. तेल गाळायचा हा कागद कचऱ्याने बुजला की ही उघडते. तेल मग कागदाला वळसा घालून इंजिनला जातं. गाळलेलं नसतं, पण मिळतं तरी."

मग त्याने देशी फिल्टर कापला. कागद बरा होता. स्प्रिंग मात्र नव्हती.

"आनि ह्याचा कागद बुजला तर?"

"इंजिन कोरडं पडतं."

"तेल भरलेलं असून?"

"असून."

हे बोलून नंदकुमार स्वतःच चपापला. दोन महिन्यांपूर्वी कळंबोलीजवळ हे इंजिन जाम झालं होतं, तेव्हा त्यात तेल काठोकाठ होतं. ड्रायव्हर धर्मराज ज्याला त्याला सांगत होता, तेलाचा लाल दिवा लागला आणि मी तिथल्या तिथे थांबलो. कुवेतहून शेठचा ट्रंककॉल आला. नंदकुमारने त्यांना सांगितलं, "लगेच थांबला असता तर इंजिन गेलं नसतं." एवढंच. त्या एका वाक्यावर धर्मराजची सहा वर्षांची नोकरी गेली, आणि नाव गेलं ते वेगळंच. इंजिन जाळणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात दुसरी गाडी कोण देतो? आता तो वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलत होता. त्याची बायको पुतळा दोनदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली होती. "शेटला येक शबूद सांगा," म्हणायची. नंदकुमार गाडीखाली सरकायचा. गेल्या महिन्यापासून ती यायचीही थांबली, आणि त्याला चक्क हायसं वाटलं होतं.

जळलेल्या इंजिनावरचा फिल्टर नंदकुमारने स्वतःच्या हाताने बसवला होता. बाहेरचा मिळत नव्हता, देशी बसला. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, अशी सगळ्या गॅरेजवाल्यांची समजूत, तशीच त्याचीही. एरवी काढलेला प्रत्येक फिल्टर तो कापून बघायचा आणि घड्यांत काय अडकलंय ते गिऱ्हाइकाला दाखवायचा. त्याचा त्याला केवढा तोरा होता! हा एकच त्याने कापला नव्हता.

"इंजिन जळलं तवा कुठला होता?" रज्जाकशेठनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "आता काय. फेकला असेल तुमी."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नंदकुमारने हात पुसले. मग पुन्हा पुसले. स्टुलाला वळसा घालून तो फळीपाशी गेला आणि रंगाच्या डब्यांमागून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फिल्टर काढला.

पातं पत्र्यात उतरलं. झाकण निघालं. आतला कागद काळ्या लगद्यासारखा पिचून मधल्या नळीला चिकटला होता, आणि नळीची सगळी भोकं त्याने बंद केली होती. स्प्रिंग नव्हतीच.

"हा मी बसवला होता," नंदकुमार म्हणाला. "दिवा लागायच्या आधीच इंजिन कोरडं पडलं असणार. धर्मराजने काहीही केलं असतं तरी ते वाचलं नसतं. मी तुम्हाला फोनवर चुकीचं सांगितलं."

रज्जाकशेठनी वाकून डब्यात बघितलं.

"मला काय दाखवतोस?" ते उठत म्हणाले. आजवर त्यांनी नंदकुमारला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "चल मार्केटात."

ते चालतच गेले. शेठ पुढे, नंदकुमार मागे, हातात तेलाने बरबटलेला डबा. भरदुपारी ट्रक खाली होत होते. धर्मराज पाठीवर गोण घेऊन फळीवरून उतरत होता. शेठना बघताच त्याने गोण टाकली, डोक्यावरचं पोतं काढलं आणि अंग चोरून उभा राहिला.

नंदकुमारने सगळं सांगितलं. बाकीचे हमाल थांबून ऐकायला लागले होते, तरी त्याने आवाज खाली आणला नाही. धर्मराजने शिवी द्यावी, कॉलर धरावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"कुवेतचा एक फिल्टर ऱ्हायलाय," रज्जाकशेठ म्हणाले. "उद्या येऊन तूच बसव. गाडी तुजीच हाय."

धर्मराजचं तिकडे लक्षच नसावं. तो डबा हातात घेऊन काळ्या कागदावर बोट फिरवत होता.

"मिस्त्री, म्हंजे मी थांबलो व्हतो?"

"काय?"

"दिवा लागल्या लागल्या. आधी समद्यांना तेच सांगत व्हतो ना मी. मंग वाटाय लागलं, मिस्त्री येवढा जानकार मानूस, तो खोटं कशाला बोलंल? माजाच डोळा लागला आसंल. पुतळाला बी तसंच सांगितलं, आता जाऊ नको कुनाकडं, चूक माजीच हाय." त्याने वर बघितलं. "आता खरं काय झालं ते आठवाया गेलं तर आठवतच नाय."

रज्जाकशेठनी तोंड फिरवलं.

नंदकुमार त्या दुपारी कळंबोलीला नव्हता. कागद किती बुजला होता ते डब्यात दिसत होतं. धर्मराजचा पाय ब्रेकवर कधी पडला, ते मात्र त्याला कुठल्याच डब्यात सापडणार नव्हतं.

"थांबला होतास," तो म्हणाला. "लगेच थांबला होतास तू."

धर्मराजने मान हलवली. मग एक पाऊल पुढे येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, "नक्की ना, मिस्त्री?"