मी फुकट चालत होते

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. खोक्यांसाठी पुठ्ठा कापायची. शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठ्याचे तुकडे मागायला तुम्ही इथे येता ना, तेव्हा कोपऱ्यात गोणपाटाखाली जे दिसतं, ज्यावर परवा तुम्ही दप्तरं टाकली होती, ती मी. राग नाही. राग आला तरी सांगणार कशी?

लोखंड वितळवून साच्यात ओतलं, घासलं, जड चाक बसवलं, हिरवा रंग दिला, की झाले मी. दोन बहिणींनी मला विकत घेतलं. थोरली म्हणजे ताई, धाकटी म्हणजे छोटी. वडिलांचं दुकान विकून आलेले सगळे पैसे त्यांनी माझ्यात घातले. ज्या पैशावर आणि ज्या सामानावर धंदा उभा राहतो, त्याला भांडवल म्हणतात. म्हणजे मी त्यांचं भांडवल. पहिल्या दिवशी ताईनं माझ्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई गं, आता सगळं तुझ्या जिवावर."

काम साधंच. ताई पुठ्ठा आत सरकवायची, मी धाडकन दाबायचे, खोक्याच्या आकाराचा तुकडा बाहेर. मग ताईच कडा दुमडून चिकटवायची. दर शनिवारी मला ग्रीस लावायची. छोटी गिऱ्हाइकं बघायची आणि दर ठरवायची. तिची एक सवय होती. दराचा हिशोब वहीत नाही, नमुन्याच्या खोक्याच्या झाकणावर करायची आणि ते झाकण माझ्यासमोरच्या खिळ्याला अडकवायची. जे झाकणावर नाही, ते तिच्या डोक्यातही नाही!

एकदा बुटांच्या कारखान्याचे साहेब आले. म्हणाले, आत्ता देता त्याच्या तिप्पट खोकी दर महिन्याला घेतो, पण दर खाली आणा.

छोटीनं झाकण उलटं केलं. पुठ्ठा, गोंद, वीज, जागेचं भाडं, टेम्पो. "हा आपला उत्पादन खर्च. एक खोकं आपल्याला एवढ्याला पडतं. याच्यावर जे सुटेल तो नफा."

ताई म्हणाली, "मशीनचं काही धरायचं नाही का गं?"

"हिचं काय धरायचं? हिचे पैसे कधीच देऊन झाले. ही फुकट चालते."

"आणि चिकटवणारी?"

"तू आहेस की! मालकीणबाईंना पगार हवाय वाटतं?"

दोघी हसल्या. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. फुकट चालते म्हणजे कौतुकच की.

पण मी फुकट चालत नव्हते. प्रत्येक दाबाला माझं थोडं जात होतं. पात्याच्या धारेतून केसभर, बेअरिंगमधून चिमूटभर. याला घसारा म्हणतात. वापरून वापरून वस्तू जेवढी झिजते, तेवढी तिची किंमत उतरते. ती उतरलेली किंमत दर वर्षी खर्चात धरायची असते, आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवायची असते. मग ती वस्तू बंद पडली की दुसरी आणता येते. नाही धरली, तर नफा नसतानाही दिसत राहतो.

आणि दिसला! विक्री तिप्पट झाली. छोटीनं आजूबाजूच्या सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. "ताई, उलाढाल बघ!" उलाढाल म्हणजे नुसती एकूण विक्री, मित्रांनो. त्यातून सगळा खर्च गेला की राहतो तो नफा. सगळा खर्च. मी ओरडून सांगत होते. पण माझं ओरडणं म्हणजे कुरकुर.

"हिला ग्रीस हवंय," ताई म्हणायची.

"ऑर्डर जाऊ दे, मग लावू."

शनिवार आले, गेले. ताई माझ्यासमोर बसायची, म्हणून मला एकटीलाच दिसायचं, की छोटीची पाठ वळली की ताई टेबलाखाली उजवं मनगट दाबत बसते.

एका मंगळवारी, निम्मी ऑर्डर बाकी असताना, ज्या दांड्यावर माझं चाक फिरतं तो तडकला. मिस्त्री आला. आत हात घातला, वास घेतला, म्हणाला, "ताई, हिच्यात आता राम नाही. दुसरी घ्या. हिच्या नावानं काही बाजूला टाकलं असेल ना?"

छोटीनं खिळ्यावरचं झाकण काढलं. वरून खाली वाचलं, परत खालून वर वाचलं. "हिची ओळच नाही," ती म्हणाली.

साहेबांनी राहिलेली खोकी दुसरीकडून घेतली. महिनाभर काम बंद. मग कुठूनशी एक वापरलेली मशीन हप्त्यावर आली. मी कोपऱ्यात गेले.

गेल्या आठवड्यात नवं गिऱ्हाईक आलं. छोटीनं नवं झाकण घेतलं. पाच ओळी लिहिल्या आणि सहावी मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून: मशीनची झीज. शिकली हो पोरगी! मला इतका आनंद झाला. मी सातव्या ओळीची वाट बघत राहिले.

ताई मनगटाला पट्टी बांधून डाव्या हातानं कडा दाबत होती. "झालं का गं लिहून?"

"झालं ताई. या वेळी काही म्हणजे काही राहिलं नाही."

आणि तिनं झाकण खिळ्याला अडकवलं.

मला ते इथून दिसतं. रोज वाचते. सहाच ओळी आहेत. माझ्या जागी दुसरी आणता आली. ताईच्या जागी कुणाला आणणार?

मित्रांनो, घरात, दुकानात जे कोणी फुकट चालतंय असं वाटतं, त्याच्याकडे एकदा नीट बघा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. परत पुठ्ठा मागायला याल, तेव्हा दप्तरं खुशाल माझ्यावर टाका. फक्त छोटीला तेवढं विचारा, ताईची ओळ कुठंय?