गाडीला खोबरेल

सर्वेशने, म्हणजे माझ्या मुलाने, गाडी विकायला काढली तेव्हा मला विचारलं नाही. सोमवारी दापोलीहून गिऱ्हाईक येणार, एवढंच जेवताना सांगितलं. गाडी त्याच्या बापाची, आणि तो गेल्यापासून चालवते मी. चौथी शिकलेल्या बाईने बावन्नाव्या वर्षी लायसन काढावं आणि पावसहून रत्नागिरीला स्वतःच्या मर्जीने जावं, हे घरात कोणाच्या घशाखाली उतरत नाही. गाडी गेली की मी सुनेच्या स्कूटरवर मागे बसणार, पिशवी मांडीवर घेऊन. त्यापेक्षा चालत जाईन.

गाडीत दोष होता, खोटं कशाला बोलू. धावताना झकास. उभी केली की कधीतरी हुडहुडी भरायची, आरसा थरथरायचा, मध्येच बंद पडायची. मेकॅनिककडे नेली की गप्प, दवाखान्यात ताप उतरलेल्या पोरासारखी. सर्वेशच्या मेकॅनिकने प्लग बदलले, इंजेक्टर धुतले आणि शेवटी म्हणाला, म्हातारी झाली. गाडीबद्दल म्हणाला, असं सर्वेशचं म्हणणं.

रविवारी मी तिला अझीमच्या गॅरेजवर नेली. तो कमी बोलतो, म्हणून मला चालतो. पाना उचलायच्या आधी त्याने विचारलं, कुठल्या वारी जास्त होतं. मी आठवून सांगितलं, रविवार-सोमवार, गुरुवारपर्यंत सुधारते. तोवर इंजिन थरथरायला लागलंच होतं. तो एकेक रबरी पाइप बोटांनी दाबत गेला. एक बारका पाइप दाबला, आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. ओढला तर सहज हातात आला. शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा फुगलेला, मऊ. इथून इंजिन चोरून हवा ओढतं, म्हणून उभ्याने थरथरतं, असं त्याने समजावलं. मग बोटं हुंगली.

"काकी, ह्याला खोबरेल कोणी लावलं?"

दर शनिवारी नातीचं, अवनीचं, डोकं चोळून झालं की वाटीतलं उरलेलं तेल मी कापसाने गाडीच्या सगळ्या पाइपांना लावायची. खाऱ्या वाऱ्याने रबर तडकू नये म्हणून. शिवणयंत्र, बिजागऱ्या, कुलपं, सगळं त्याच तेलावर टिकलंय माझ्याकडे. मला काय ठाऊक, रबराला तेल सोसत नाही.

माझं तोंड बघूनच तो समजला. नवा पाइप बसवला, आणखी दोन बदलले, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. आरसा हलला नाही. मग माझी लाज राखायला हळूच म्हणाला, "सर्वेशला सांगतो, उंदराने कुरतडला."

"माझ्या घरात उंदीर? तेल मी लावलं म्हणून सांग."

घरी मीच सांगितलं. सर्वेश ठसका लागेपर्यंत हसला. सून दीपाली हसायला आत गेली. वळण चांगलं आहे तिला. दोघांचं हसून होईपर्यंत मी किल्ली कनवटीला लावली आणि सांगितलं, गाडी बरी झाली, विकायची नाही.

गिऱ्हाईक तरी आलंच. त्याला घावन-चटणी खायला घातली आणि त्याच गाडीने एसटी स्टँडवर नेलं. बस येईपर्यंत वीस मिनिटं इंजिन मुद्दाम चालू ठेवलं. मागे बसलेल्या त्या माणसाचं आंबट तोंड आरशात अगदी स्थिर दिसत होतं.