करिश्माचं रक्त

रुचिता ठाण्यातल्या मुलांच्या हॉस्पिटलात मानसशास्त्रज्ञ होती. सुई, सलाईन, ऑपरेशन यांना घाबरलेल्या मुलांशी बोलायचं, त्यांची मनं तयार करायची, हे तिचं काम. सगळे तिला काउन्सेलर मॅडम म्हणत. ठाकुर्लीला घरी जाईपर्यंत बोलून बोलून तिचा घसा बसलेला असायचा.

करिश्मा तिच्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. मानपाड्याचं कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. तिच्या धाकट्या भावाच्या, सर्वेशच्या शरीरात रक्त तयार होणं बंद पडलं होतं. कुणाचा तरी बोन मॅरो त्याला द्यायला हवा होता, आणि घरात फक्त करिश्माचा जुळला होता. तिला भूल देऊन कमरेच्या हाडातून तो काढायचा होता. आईवडिलांनी परवानगी दिलेली होती. मुलगी मनापासून तयार आहे का, एवढं रुचिताने बघायचं होतं.

करिश्माने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नको."

रुचिताने हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. निदान थोडं थांबायला हवं होतं. पण तिने सर्वेशला बघितलेलं होतं. अंगभर निळे डाग पडलेले, हिरड्यांतून रक्त येत असतानाही मोबाईलवर कार्टून बघून हसणारा. दुसरा दाता शोधेपर्यंत तो राहिला नसता. म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. चित्रं काढली. तुझ्या हाडात रक्ताचं बियाणं आहे, सर्वेशच्या हाडातलं संपलंय, म्हणाली. यापुढे, सर्वेश बरा होऊ शकेल, एवढंच म्हणायची पद्धत होती. पण मुलगी मान खाली घालून गप्प बसलेली पाहून ती म्हणाली, "तुझं रक्त त्याच्यात गेलं की सर्वेश बरा होईल."

"नक्की?"

"नक्की."

करिश्मा तयार झाली. ऑपरेशनच्या दिवशी रडलीसुद्धा नाही. आजी सखुबाईंनी तिची दृष्ट काढली. वडील, प्रफुल्ल, तिला कडेवर घेऊन पूर्ण वॉर्डभर फिरले, भेटेल त्याला सांगत सुटले, माझ्या पोरीने भावाला वाचवलं.

आणि मॅरो रुजला. सर्वेशच्या रिपोर्टमध्ये नव्या पेशी दिसायला लागल्या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानंतर त्याच्या फुफ्फुसात बुरशी धरली. नव्या रक्तात अजून लढायची ताकद आलेली नव्हती. काचेच्या खोलीत, श्वासासाठी धडपडत तो गेला.

त्याच दिवशी जयाने, म्हणजे मुलांच्या आईने, रुचिताला कोपऱ्यात गाठलं आणि कबुली दिली. बाहेरचं काही द्यायचं नाही अशी सक्त ताकीद असतानाही तिने सर्वेशला अंगणातल्या झाडाच्या आंब्याची एक फोड दिली होती. कितीतरी दिवस तो मागत होता. रुचिताने डॉक्टरांना विचारलं. बुरशी बहुतेक हवेतून येते, त्या फोडीने झालं असं म्हणता येणार नाही, ते म्हणाले. रुचिताने तसंच जयाला सांगितलं. तुमची चूक नाही, आणि ही गोष्ट माझ्याकडून कुठे जाणार नाही, असा शब्दही दिला.

पुढे करिश्माला तपासणीसाठी कुणी आणलं नाही. फोनही कुणी घेत नव्हतं. म्हणून एका रविवारी रुचिताच मानपाड्याला गेली.

तीन मजली घर, खाली भाडेकरूंची दुकानं. हॉलमध्ये सर्वेशचा मोठा फोटो. करिश्मा मागच्या खोलीत होती. तिची ताटवाटी वेगळी केलेली होती. फोटोला हार घालायला ती गेली तेव्हा सखुबाईंनी तिचा हात बाजूला केलेला, हे शेजारणीने जिन्यातच रुचिताला सांगितलं होतं. प्रफुल्ल मान वर न करता टीव्ही बघत बसले होते. आवाज बंद होता.

रुचिताने विषय काढला. लहान मुलीवर याचा काय परिणाम होतो, ते शांतपणे सांगायला लागली. सखुबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"तुमीच सांगलेलं ना मॅडम, हिचं रगत गेलं का पोर बरा होईल म्हनून? गेलं ना रगत? मग पोर कुठं हाय माजा?"

"आजी, तिचा मॅरो चांगला होता. तो रुजला होता. सर्वेशला इन्फेक्शन झालं."

"इन्फेक्शन कशानं झालं?"

रुचिताची नजर जयाकडे गेली. जया दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. सखुबाईही तिच्याकडे वळल्या. करिश्मा मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती.

"हिच्याच रक्तानं," जया म्हणाली. "हिच्या मनात नव्हतं द्यायचं. पहिल्यांदा नको म्हणालेली ही. मनात नसताना दिलेलं कसं लागेल?"

रुचिताला शब्द आठवला, तिने जयाला दिलेला. आंब्याच्या फोडीचं सांगितलं असतं तर या घराने जयाला जिवंत सोडलं नसतं. तिने चहा घेतला, कारण समोर धरलेला होता. उठताना ती करिश्माजवळ गेली, खाली बसली, आणि म्हणाली की तुझं रक्त चांगलं आहे, तुझी काही चूक नाही.

"तेव्हापण तुम्ही नक्की म्हणालेलात," करिश्मा म्हणाली आणि आत गेली.

शाळा सुरू व्हायच्या आधी तिला कल्याणला मावशीकडे, निशाकडे ठेवून दिलं. रुचिता तिथेही गेली. निशा चांगली बाई होती, तिचं स्वतःचं रांगतं बाळ होतं. पोरगी गुणाची आहे, ती म्हणाली, हट्ट नाही, रडणं नाही. फक्त बाळाला हात लावत नाही. परवा भाजी चिरताना बोट कापलं तर मला सांगितलंसुद्धा नाही. मी येऊन बघते तर बोटाला फडकं गुंडाळून गुडघ्यावर बसलेली, आणि आपलं रक्त बाळाला लागू नये म्हणून सगळी फरशी फिनेलने घासत होती.