मधल्याचा आकडा

लवूतात्यांच्या वहीत एका जुन्या गिटार-अ‍ॅम्पच्या सात किमती लिहिलेल्या होत्या. पहिली चार हजार, सातवी चार लाख वीस हजार. मधल्या पाचांचाही एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तीन आठवडे डोकं खपवून एवढंच हाती आलं होतं, आणि उद्या रविवार होता. उद्या सकाळी मिस्सा आटोपून मंडळी चर्चमधून परतली की शेजारच्या लिंडाबायच्या पडवीत बसून तात्यांना एकच आकडा सांगायचा होता.

वाडीत ही रीत जुनी. घरच्यांनी घरच्यांशी तोंडातोंडी घासाघीस करायची नाही. गाय असो, माड असो, लाकूड असो, नात्यात व्यवहार असला की दोघांनी मिळून एक ‘मधलो’ निवडायचा. तो आकडा सांगतो, एकदाच. का म्हणून कोणी विचारायचं नाही, आणि मधल्याने तो फिरवायचा नाही. आकडा सांगून झाला की चहा येतो, आणि पहिला कप मधला उचलतो. तोवर पडवीत कोणाला पाणीसुद्धा नाही.

लिंडाबायचा नवरा कॉन्स्टान्सियो दोन वर्षांपूर्वी गेला. उभा जन्म त्याने शाळेत चित्रकला शिकवली आणि लग्नांत गिटार वाजवली. त्याच्या बोटीवरच्या काकाने परदेशातून आणलेला तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारी लाकडी पेटी, आता लिंडाबाय विकणार होती. तिला मासे आणि चोरिसां, म्हणजे डुकराच्या मांसाची सॉसेजं, ठेवायला मोठा फ्रीझर हवा होता, होमस्टेवाले रोज विचारत होते. घेणारा होता कॉन्स्टान्सियोच्या बहिणीचा मुलगा एल्टन, म्हापशाचा, हॉटेलात बँड वाजवणारा. मामाच्या अ‍ॅम्पवर त्याचा लहानपणापासून जीव. दोघांनी मधला म्हणून निवडलं ते लवूतात्यांना, कारण चौतीस वर्षं वाचनालय सांभाळलेला माणूस इंग्रजी वाचतो आणि खोटं बोलत नाही.

“तुमका बांगड्यांचो भाव करूक येणा नाय,” तात्यांच्या पत्नी मथुराकाकी तेव्हाच म्हणाल्या होत्या. “कोळीण सांगता त्येच्यार धा रुपये वाढवन देतास. नि ह्यो मधलो.”

तात्यांनाही ते पटलं होतं. पण नाही म्हणायला जी हिंमत लागते ती त्यांच्यापाशी नव्हती.

मग दोन्हीकडून सुरू झालं. लिंडाबाय कुंपणापाशी गाठून म्हणाली, “तात्यानू, एल्टनाक जड जावक नको. पॉर आमचोच.” आणि चार पावलं गेल्यावर वळून, “पण माका लुटूक पण देव नकात.” एल्टनचा फोन आला, “तात्यानू, आंटीक कमी पडता नये हां. पण माजाय बघा, आमचो हॉटेलवालो पगार देता तो देवाच्या मर्जीन.” दोघंही शेवटी तेच म्हणत, “तुमी सांगशात ता खरा.” तात्या फोन ठेवत आणि वहीत काय लिहावं ते त्यांना कळत नसे.

कुडाळहून बाबली आला. लग्नांना लाऊडस्पीकर लावणारा, हाताचा कसबी. त्याने मागची फळी उघडली, आतला शिक्का तात्यांना वाचून दाखवला, व्हॉल्व्ह तापू दिले, तारेला बोट लावून घरघर ऐकली. “ट्रान्सफॉर्मर मागसून बदललेलो. एक स्पीकर मूळचो, एक आमच्या हयचो. पण वस्तू दणकट, तात्यानू. आतमध्ये गंज म्हणान नाय.”

“किंमत?”

“ती माका इचारू नकात. माज्याकडे असली वस्तू तांब्याच्या भावान जाता. चार हजार.”

ती पहिली किंमत. बाकीच्या किमती तात्यांनी मोबाइलवर शोधल्या. कुठे डॉलर, कुठे पौंड, कुठे विक्रेत्याने मागितलेली रक्कम, कुठे खरोखर मिळालेली. एका ठिकाणी लिहिलेलं की वाजवलेला अ‍ॅम्प स्वस्त, दुसऱ्या ठिकाणी की न वाजवलेला अ‍ॅम्प मेलेला. वाचनालयात दोन पुस्तकांत दोन मतं निघाली तर तात्या वाचकाला दोन्ही पुस्तकं देऊन मोकळे होत. इथे वाचक म्हणत होता, मला एकच पान द्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी वहीच्या डाव्या बाजूला ठळक लिहून ठेवली होती : ‘उत्तम निगा राखलेला.’ हे लिहिताना त्यांना थोडा अभिमानही वाटला होता. अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात अ‍ॅम्पच्या लाकडावर चिकटवलेल्या काळ्या कापडाला बुरशी आली, तेव्हा उपाय तात्यांनीच सांगितला होता. पुस्तकांच्या बांधणीला लागणाऱ्या बुरशीवर एक लेख त्यांनी वाचला होता. बुरशी कापडावर नाही, खालच्या खळीवर जगते, म्हणून कापड सोलून काढावं, लाकूड वाळवावं, वर तेलाचा हात द्यावा. तात्यांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. कॉन्स्टान्सियोने कापड सोललं, पावसाने उघडीप दिली तेव्हा लाकूड चार दिवस उन्हात ठेवलं, आणि शेजारच्या होडीचा उरलेला निळा रंग दोन हात चढवला. वर पांढरी रेघही ओढली, होडीला असते तशी. तेव्हापासून वाडीतलं प्रत्येक लग्न त्या निळ्या पेटीवर वाजलं, आणि तात्या मागच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात म्हणत, ह्यात आपलाही हात आहे.

शनिवारी दुपारी, जेवणाआधी, त्यांना आठवी किंमत सापडली. किंमत नव्हे, कोष्टक. बाबलीने वाचलेल्या शिक्क्याचाच अ‍ॅम्प, त्याच सालातला, आणि खाली कशाचे किती कापायचे ते. ट्रान्सफॉर्मर बदललेला, इतके कमी. स्पीकर बदललेला, इतके कमी. मूळ कापड काढून रंग दिला असेल तर उरलेल्याचे निम्मे. पुढची नावपट्टी नसेल तर आणखी कमी.

निम्मे. तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निम्मेच.

वर चित्र होतं. काळ्या कापडावर धातूची पट्टी, तिच्यावर तिरपी पांढरी अक्षरं. ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली आणि तात्यांची नजर आपोआप टेबलाकडे गेली. कागदांवर वजन म्हणून पंचवीस वर्षं एक पट्टी पडून होती. मागे दोन खिळे होते, ते कागदाला टोचू नयेत म्हणून ती कायम पालथी, खिळे वर. तात्यांनी ती उलटी केली. अक्षरं खाली होती ती वर आली.

“घे रे लवू, तुज्या कागदांक वजन,” कॉन्स्टान्सियो म्हणाला होता, हाताला निळा रंग लागलेला. आणि तात्यांनी ती घेतली होती.

जेवताना त्यांनी मथुराकाकींना सगळं सांगितलं. काकींनी आमटी वाढली.

“मगे? कोण इचारतला तुमका? मधल्याक कारण इचारूक नाय. आकडो सांगा, च्या पिया, घराक येवा.”

“पण तिचं निम्मं नुकसान माझ्यामुळे झालंय.”

“झाला ता झाला. पंचवीस वर्सां झाली.”

“पंचवीस वर्षं मी त्याचं कौतुक करतोय, मथुरा.”

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटात आणखी भात घातला. त्यांचं समजावणं तिथे संपलं.

रीत तात्यांच्या बाजूने होती, हीच पंचाईत होती. रीतीच्या आड उभं राहून ते नुसता आकडा सांगू शकत होते आणि जगात कोणाला काही कळलं नसतं. आयुष्यभर त्यांनी गप्प बसण्यालाच सभ्यपणा म्हटलं होतं. ह्या वेळी तो सभ्यपणा आहे की भित्रेपणा, हे त्यांना ठरवता येईना. रविवारी निघताना त्यांनी वही बगलेत घेतली आणि पट्टी सदऱ्याच्या खिशात टाकली. अजूनही ठरलं नव्हतं.

पडवीत निळी पेटी मधोमध ठेवली होती. पुढच्या जाळीच्या जागी लिंडाबायच्या जुन्या पडद्याचं फुलाफुलांचं कापड. एल्टन चर्चचे कपडे न बदलता खाली बसून बटणं फिरवत होता. आतून चहाचा वास येत होता, पण कप येणार नव्हते.

“सांगा तात्यानू,” लिंडाबाय बसत म्हणाली. “माका चोरिसां वाळत घालूची आसत.”

तात्यांनी वही उघडली. घाबरले की त्यांच्या तोंडून कचेरीतली मराठी येई. “आकडा सांगण्यापूर्वी एक निवेदन करणं मला आवश्यक वाटतं. सदर वस्तूच्या मूल्यात जी घट झालेली आहे...”

“सरकारी नको,” लिंडाबाय म्हणाली. “नीट सांगा.”

मग त्यांनी नीट सांगितलं. लेख, खळ, कापड, निळा रंग, निम्मे. सांगताना ते वहीकडेच बघत होते. बोलणं संपल्यावर कोणीतरी रागवेल, निदान उसासा टाकेल, म्हणून ते थांबले.

“रंग म्हणान तर वाचलो तो,” एल्टन म्हणाला. “आमच्या बँडात दोघांचे कुजले. कापडासकट.”

“पण किंमत निम्मी झाली, एल्टन.”

“इकणाऱ्याची. माका वाजवूचो आसा.”

“तसं नाही. न्यायाने बघायचं तर...”

“तात्यानू,” लिंडाबाय म्हणाली, “आकडो.”

पंचवीस वर्षांचा अपराध त्यांनी पडवीत मांडला होता आणि कोणी त्याला हातसुद्धा लावत नव्हतं. तात्यांना एकदम चिडायला झालं. कोणावर, ते कळेना. त्यांनी खिशातून पट्टी काढून पेटीवर ठेवली.

“एक लाख दहा हजार. ह्या पट्टीसकट.”

एल्टनने लगेच मान हलवली. “मान्य.” त्याने पट्टी उचलून जागेवर लावून पाहिली. दोन खिळ्यांची भोकं निळ्या रंगाखाली अजून होती. “खंय मेळली ही?”

“माझ्याकडे होती. कॉन्स्टान्सियोने दिली. कागदांवर ठेवायला.”

लिंडाबाय उठली. तिने एल्टनच्या हातातून पट्टी घेतली, उलटसुलट पाहिली.

“तेणां दिल्यान?”

“हो. रंग दिला त्याच दिवशी.”

“माका सांगल्यान, तुया केरात टाकलंस.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तो आठ दिस बोललो नाय माज्याकडे. मिया आख्खो उकिरडो उपसलंय, तात्यानू. हातान. पावसात. तेका मागसून कळला आसताला, आपणच दिली म्हणान. पण तोंड उघडूक नाय. मरासर नाय.”

तात्यांना वाटलं, ह्याचाही दोष आपलाच. आपण ती कधीतरी सुलटी ठेवली असती तर लिंडाबायला ती एखाद्या दुपारी दिसली असती. 

“ही पट्टी मी देवची नाय,” लिंडाबाय म्हणाली. “ही हय ऱ्हवतली. तेच्या फोटोखाली ठोकतंय. तेका बघित बसूं दे.”

“पण आकडा पट्टीसकट सांगितलाय,” तात्या म्हणाले. “मधल्याला दुसरा आकडा सांगता येत नाही.”

“मगे तुमी सांगू नकात.” तिने मान वळवली. “एल्टन, पट्टीशिवाय कितके?”

“आंटी, असा तोंडावर कसा...”

“कितके, रे?”

“नव्वद?”

“पंच्याण्णव. पडदो माजो आसा थंय, चांगलो जाडो.”

“पंच्याण्णव. पण पेटी गाडीत चढवूक बाबलीक तुमी बोलवा.”

“बोलवतंय.”

झालं. अर्ध्या मिनिटात झालं. रीत मोडली, आणि मोडताना कसला आवाजही झाला नाही. तात्यांच्या मांडीवर वही उघडीच होती आणि तिच्यात पंच्याण्णव हजार कुठेच नव्हते. ते बरोबर होते की चूक, हे तपासायला आता कोष्टकही नव्हतं. खरं तर एक लाख दहातून कोष्टकातले पट्टीचे पंधरा हजार कापले की बरोबर पंच्याण्णव येतात, हा हिशेब त्यांना सुचला तो लिंडाबाय चहा आणायला आत गेल्यावर. सांगायला कोणी नव्हतं. एल्टन पेटीच्या मागे वायर गुंडाळत होता.

तीन कप आले. लिंडाबायने एक एल्टनला दिला, एक स्वतः उचलला आणि उभ्यानेच घोट घेतला. मग तिच्या लक्षात आलं.

“घेवा तात्यानू. पयलो तुमचो होतो, इसारलंय.”

“चालेल,” तात्या म्हणाले. चहा साखरेने चिकट झाला होता.

घरी आले तेव्हा मथुराकाकी पडवीत काजूगर सोलत होत्या. “कितक्याक गेलो?”

“पंच्याण्णव.”

“तुमी सांगल्यात?”

“नाही.”

काकींनी पुढचा काजूगर सोलायला घेतला. तात्या आत गेले. समुद्राकडची खिडकी उघडी राहिली होती आणि टेबलावरचे कागद खोलीभर पसरले होते, काही खाटेखाली, एक थेट देव्हाऱ्यापाशी. ते खाली वाकून एकेक गोळा करू लागले. शेजारून हातोडीचे ठोके ऐकू आले. दोन खिळ्यांना जेवढे लागतात त्याहून बरेच जास्त.