ताटाचं वजन

दवाखान्यात रोग्यांचा आहार ठरवायचं काम मी करते. आमच्या वॉर्डात एक पद्धत आहे. रोगी काट्यावर उभा राहू शकत नसेल तर त्याचं ताट तोलायचं, जेवणाआधी आणि जेवणानंतर. जेवढं कमी भरलं तेवढं पोटात गेलं असं धरायचं. सतरा वर्षं हेच करत आले आणि स्वतःला फार शहाणी समजत आले.

गुडघे गेल्यावर आईनं काट्यावर चढायला साफ नकार दिला. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" मग मी घरीही ताट तोलू लागले. अंडी, दूध, उकडलेल्या भाज्या मोजून ठेवायचे आणि कामावर जायचे. मी येईपर्यंत ताट धुवायचं नाही, अशी ताकीद होती. संध्याकाळी ताट चाटूनपुसून रिकामं. मी खूश.

धाकटी बहीण आमच्याकडेच राहायची, तिची मुलगी तीन महिन्यांची. बहिणीसाठी मी स्वयंपाकघरात एक तक्ता लावला होता. तान्ह्या बाळापासून म्हातारपणापर्यंत कुणाला किती लागतं, सगळं माझ्या अक्षरात. दूध तापेपर्यंत आई तो वाचत उभी राहायची.

"बाळंतिणीला केवढं गं लागतं! आणि आम्ही म्हाताऱ्या सगळ्यात खाली."

"नीट वाच, पाठ कर," मी म्हणायचे.

तिनं पाठ केला.

मागच्या आठवड्यात ती बाथरूममध्ये कोसळली. दवाखान्यात तिच्या अंगातले दोन स्वेटर काढले तेव्हा तिचा दंड माझ्या चिमटीत मावला. पलंगासकट वजन करून पलंगाचं वजा केलं. चौतीस किलो.

बहीण रडायलाच लागली. "ताई, तीच तिचं ताट माझ्यापुढे सरकवायची. म्हणायची, मोठीनंच लिहिलंय, तुला जास्त, मला कमी. मला वाटलं, तुला माहितीये."

घरी जाऊन तक्ता पाहिला. म्हातारपणाच्या ओळीखाली लिहिलं होतं, 'प्रथिनं मात्र कमी करू नयेत.' कागदावर जागा संपली म्हणून मी ते मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं. आईला ते दिसणं शक्यच नव्हतं. मला संताप आला, आधी तिचा, मग बहिणीचा, शेवटी माझा. तो अजून उतरलेला नाही. बाळ मात्र छान गुटगुटीत झालंय.

डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात संसर्ग आहे आणि झगडायला अंगात काही उरलेलं नाही. गिळताही येत नाहीये. ओठ ओले ठेवा, बस."

काल आईनं डोळे उघडले. "दूध पुरतंय ना गं बाळाला?"

"पुरतंय."

"मग झालं तर."

तरी आज मी ताट लावलं. तोललं, तिच्याजवळ ठेवलं आणि बसून राहिले. दुपारी उचलून पुन्हा काट्यावर ठेवलं. सकाळी होतं तेवढंच भरलं. इतक्या महिन्यांत हाच एक आकडा खरा होता.